मागचे सात दिवस

बेबीनंदा भोयर, घर क्रमांक एकेचाळीस.
दारात तीच बाज, बाजेवर आता गादी.
बारा वर्षांपूर्वी मी इथेच बसलो होतो
कागदांचा गठ्ठा मांडीवर घेऊन.
या खेपेला टॅब आहे. ऊन तेवढंच.

महिन्याला ज्वारी किती लागते?
"जवारी?" ती हसते. "पाच किलो असन.
तेबी बुढ्याच्या शुगरसाठी. डॉक्टरनं सांगतली,
मंग दुकानातून आनली."
त्या वेळी मी बेचाळीस लिहिलं होतं.
आठवतं, कारण साहेबांनी लाल पेनानं विचारलं होतं,
एवढी कशी?

गहू रेशनचा, तांदूळ रेशनचा.
"पोळ्याच करतो आता. भाकर थापाले
सुनेचा हात बसत नाई, आन् माहा उठत नाई."

घरचं की विकतचं? मी बोट ठेवून थांबतो.
"वावरात सोयाबीन हाय. ते का खाता येते?
गाडीत भरून जाते,
तेल होऊन पाकिटात वापस येत असन, मले काय माईत.
जवारी गेली तं कडबा गेला,
कडबा गेला तं गाय गेली.
दूध भेटते दुकानात. बरं हाय,
शेन काढा लागत नाई."
आणि खरंच बरं असल्यासारखी
ती कंबर सरळ करते.

तेल.
त्या वेळी महिन्याला दीड किलो, पाहुणे आले तर दोन.
आता पाच लिटरची कॅन, पंधरा दिवस पुरत नाही.

अंडी?
"प्रफुल ट्रेच आनते. नातीले रोज एक.
पाहा ना, अकरावं लागलं आन् माह्या खांद्याले आली.
आमच्या घरी एक अंडं चौघात होये,
त्यातबी पोट्ट्यायले पयले."

नात उंबरठ्यावर पाच रुपयांचं पाकीट दातांनी फोडते.
त्याला आता स्वतःची ओळ आहे,
मागच्या वेळी ते 'इतर'मध्ये मावायचं.
सात दिवसांत किती झाली गं, ओवी?
ती बोटांवर मोजते.
दोन्ही हात संपतात,
मग आजीचा हात मागते.

पालेभाज्या.
त्या वेळी बेबीनंदानं तरोटा सांगितला होता,
घोळ, कुंजरू, बांधावरची अंबाडी.
किंमत विचारली तर म्हणाली, "फुकटची."
फुकटला रकाना नव्हता,
मी अंदाजानं दोन रुपये टाकले होते.
आता रकाना आहे: 'मोफत गोळा केलेले.'
"तननाशक मारते ना सारे," ती म्हणते,
"बांधबी जळून जाते."
मी शून्य भरतो. टॅब लगेच मान्य करतो.

शेवटी जेवणं मोजायची, माणसागणिक.
त्या वेळी स्वतःची सांगताना
तिनं चुलीकडे पाहिलं होतं.
"दोन टाइम," म्हणाली होती, आणि मी तसं लिहिलं होतं,
चुलीकडे न पाहता.
आज म्हणते, "तीन,"
आणि माझ्याकडे पाहते.

घराबाहेरच्या माणसांना दिलेली जेवणं?
"आता तुमी जेवूनच जा."
नको म्हणायच्या आत तिनं
बुढ्याचा डबा उघडला आहे.

परातीत पाणी, पिठाचा वास,
थापण्याचा आवाज भिंतीपलीकडे जातो
आणि शेजारची बाई डोकावून विचारते,
"काय वं, आज भाकर?"
सून मोबाईल पालथा ठेवून उभी राहते.

पहिली भाकर तव्यावर टाकताना फाटते.
"सवय नाई रायली," बेबीनंदा पुटपुटते,
फाटकी स्वतःकडे सरकवते,
दुसरी माझ्या ताटात. वर जवसाची चटणी,
डब्याच्या तळाशी उरली होती तेवढी.

टॅबची बॅटरी अकरा टक्के.
मागचे सात दिवस कालच संपले,
आजचं जेवण त्यांत बसत नाही.
तरी मी बाहेरच्यांच्या रकान्यात
एक लिहितो.