साइडपट्टी

नेर सोडलं तेव्हा उजेड होता.
नवा सिमेंटचा रस्ता, कडेला वीतभर खोल कापलेला.
साइडपट्टीत मुरूम भरायचा आहे
दोन वर्षांपासून, पुढच्या टेंडरात.
म्हणजे एकदा चढलं की चढलं,
खाली उतरायचं तर पडावं लागतं.

मागच्या सीटवर ट्यूबनं आवळून बांधलेला कॅन.
आत द्रव नायट्रोजन, शून्याखाली एकशे शहाण्णव,
आणि त्यात बुडालेल्या सव्वीस कांड्या:
गीर, साहिवाल, दोन गवळाऊच्या.
सव्वीस वासरं म्हणा, अजून कुठंच नसलेली.
गावोगाव मला डॉक्टर म्हणतात. मी डॉक्टर नाही.
कॅन असला की पन्नासच्या वर गाडी न्यायची नाही,
एवढंच माझं शिक्षण.

तो कुठून लागला कळलं नाही.
आधी उजव्या आरशात एक पांढरा ठिपका,
मग दोन्ही आरसे काठोकाठ,
मग माझीच सावली माझ्यापुढे,
हेल्मेट घातलेली, लांबच लांब,
पुलाच्या कठड्यापर्यंत पळत सुटलेली.
हॉर्न असा,
की रानडुकरं हाकलायला शेतात लावतात तसला.
पऱ्हाटीतून चार बगळे उठले.

मी मनातल्या मनात बोलू लागलो,
अडलेल्या गाईशी बोलतो तसा:
थांब ना बाप्पा. कोठी जाऊ मी?
डावीकडे गेलो तं पडतो,
उजवीकडून ट्रक येऊन राह्यला.
तुह्या बंपरात अन् माह्या कॅनात
एक बैल आडवा उभा राहील, तेवढीबी जागा नाही.
मागून कोणी बिचकवलं तं गाय लाथ मारते.
मोटारसायकलले लाथ नसते रे.

वेग वाढवावासा वाटतो. गोम तिथंच आहे.
मागचा माणूस आपलं मनगट पिळतो
आपल्याच हातानं.
अठ्ठावन्न. एकसष्ट.
काटा पाहिला आणि माझीच मला लाज वाटली.
सुमन उईकेची गाय सकाळपासून माजावर आहे,
घाई मलाही आहे,
पण ती मी कुणाच्या पाठीवर टेकवत नाही.

मग सोडत गेलो. पन्नास. पंचेचाळीस. चाळीस.
ब्रेकला नुसतं बोट लावून
लाल दिवा दोनदा, तीनदा उघडझाप,
म्हणजे त्याला कळावं, मी थांबणार आहे,
भांडणार नाही.
फाट्यावर गावानंच मुरूम टाकला होता
ट्रॅक्टर चढावा म्हणून.
तिथं इंडिकेटर देऊन उतरलो.

गाडी गेली.
तिच्या वाऱ्यानं कॅन हलला,
झाकणाखालून वाफेचा एक धागा निघाला
आणि विरला.
पाय टेकल्यावर कळलं, गुडघा लटलटत होता.

पुढं चार किलोमीटरवर पानठेला.
समोर तीच पांढरी गाडी, दार उघडं, गाणं चालू.
कोवळं पोरगं, पन्नीत खर्रा घोटत उभं.
वाटेत जुळवत आणलेल्या सगळ्या शिव्या
जिभेवर तयार होत्या.

त्यानं कॅन पाहिला. हसला.
"या डॉक्टर! आमची कपिला तुमीच भरवली होती नं?
कालवड झाली. कपाळावर चांद हाय."

मागून त्याला मी दिसलोच नव्हतो.
दिसला होता एक लाल दिवा, वाटेत आलेला.

"किती महिन्याची झाली?" मी विचारलं.
आणि मग, "मघाशी तुह्यापुढे मीच होतो."

खर्रा घोटणारा हात थांबला.
ठेल्यावरचा बल्ब पाहत राहिला तो, माझ्याकडे नाही.
"सवय लागून गेली, डॉक्टर," म्हणाला,
आणि पुन्हा घोटू लागला, जरा हळू.

निघताना त्यानं हात केला: तुम्ही व्हा पुढं.
मी म्हटलं, नाही बाबा, तूच हो.

त्याचे दोन लाल दिवे
पऱ्हाटीच्या पलीकडं बारीक होईस्तोवर
मी किक मारली नाही.