पाणी ओलं नाही

अकरा चष्मे, त्रेचाळीस मुलं.
फरशीवर मी खडूनं चौकोन आखलेत;
कुणाचा पाय बाहेर गेला की कोपराला धरून
आत आणायचं, एवढंच माझं काम.
शिकवणं आज यंत्राकडे.

दांडिया बाजारातली आमची शाळा.
कपाटात फॉर्मलिनमधला बेडूक, माझ्याही आधीपासूनचा,
रंग उडून खडूसारखा पांढरा.
बाटलीतून तो बघतोय :
सातवी ब हवेत हात बुडवून
नसलेल्या तळ्याचं पाणी
नसलेल्या नळीत भरते आहे.

"सर, आ पाणी भीनुं नथी!"
ध्रुविल ओरडतो,
आणि डोळे झाकलेला अख्खा वर्ग हसतो.

खेळ असा, की तळ्यातले मासे मेलेत.
का मेले, शोधा.
नमुने घ्या, ऑक्सिजन मोजा,
कारखान्याच्या पहारेकऱ्याला विचारा, मग बोला.
तुम्ही कुठे पाहिलंत, किती वेळ,
कितीदा मत बदललंत, सगळं नोंदलं जातं.
परीक्षा कधी झाली ते कळतही नाही.
(आमच्या वेळी कळायची. पोटात.)

प्रत्येक डोक्यानंतर मी स्पिरिटचा बोळा फिरवतो.
पट्ट्यांना खोबरेलाचा वास,
भिंगावर आदल्या मुलाच्या श्वासाची वाफ.

संध्याकाळी निकाल पडद्यावर.
हेमांगी खानविलकर.
नमुने शून्य. मोजमापं शून्य. प्रश्न शून्य.
एकूण वेळ चौदा मिनिटं,
त्यातली बारा, नजर एकाच जागी.
शेरा : निष्क्रिय.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत विचारलं.
डब्याचं झाकण उघडत, लावत म्हणाली,
"मगर शोधत होते."
"अगं, त्या तळ्यात मगर नाहीये."
"पण हे आधी कसं कळणार?"

तिचे वडील पुराच्या दिवसांत
जाळं आणि दोर घेऊन सोसायट्यांमधून फिरतात,
लोकांच्या जिन्याखालून मगरी काढायला.
विश्वामित्रीच्या काठी वाढलेल्या मुलीला
त्यांनी एकच धडा दिलाय :
हात घालण्याआधी पाणी बघ.
दहा मिनिटं तरी.
मेलेले मासे दिसले तर जास्तच.

"आणि सर, काठावर चार बगळे होते.
समोर एवढे मासे, आणि एकही बगळा खात नव्हता.
आता मासे विषारी,
की बगळे खोटे,
ते मला ठरवता येईना."

शाळा सुटल्यावर दार लोटून
मीच चष्मा चढवला.
निळंशार. इतकं निळं पाणी
बडोद्यात मी पाहिलेलं नाही.
उत्तर मला पाठच होतं :
खत, शेवाळ, घटलेला ऑक्सिजन,
पान एकशे बारा, खालून दुसरा परिच्छेद.
सरळ गेलो आणि सांगून टाकलं.
तीन मिनिटं दहा सेकंद.

निष्कर्ष बरोबर.
पुरावा शून्य.

यंत्रावर रागवावं असं वाटलं,
पण बावीस वर्षं मी हेच तर शिकवलं,
असंच.
पाण्याला हात लावायला वाकलो,
बोटांची पेरं बाकावर आपटली.
बगळे मात्र मी पाहिलेच नव्हते.

हेमांगीच्या नावापुढे एक चौकट :
शिक्षकाचा अभिप्राय, वीस अक्षरांत.
लिहिलं, "बगळे का खात नव्हते?"
हिरवी टिकली आली. अभिप्राय जमा.
कुणाकडे जमा, देव जाणे.

घरी जाताना पुलावर स्कूटर थांबवली.
खाली काळपट पाणी, त्याला वास,
एक चप्पल, निर्माल्याची पिशवी,
काठाला चिखलावर ओढल्यासारखी खूण.
बुडबुडा आला. की नाही आला.
मागून कुणीतरी हॉर्न देत होतं.
सातव्या मिनिटाला माझा धीर संपला
आणि मी किक मारली.