जुन्या पँटीचा नरकासुर

दुसऱ्या पाळीचा माणूस मी.
एक वाजता कंपनीची बस शिरोड्याच्या तिठ्यावर येते,
दीडला पोरांची बालरथ.
कधी आमच्या बसला उशीर झाला
तर बाजाराच्या वळणावर
दोन खिडक्या क्षणभर समोरासमोर येतात,
एक हात हलतो. कुणाचा, ते कळत नाही.
मध्यरात्री घरी पोचतो तर
चार पाय, एक चादर.
सकाळी दिसतात ती मोजा शोधताना.

म्हणून दिवाळीची ही चार दिवसांची रजा
मी मार्चपासून राखून ठेवलेली,
मध्ये ताप आला तरी मोडली नाही.

नरकासुर ठरला साडेतीन फुटी.
तिठ्यावरच्या पोरांचा वीस फुटी,
त्याच्या डोळ्यांत दिवे, मान गरगर फिरते,
त्याच्या स्पीकरनं आमची भांडी फळीवर थरथरतात.
आमच्याकडे मिंगेलकाकाच्या खळ्यातलं गवत,
वर्षाची रद्दी,
फोंड्याच्या बाजारातला ऐंशी रुपयांचा मुखवटा
आणि माझी गुडघ्यावर विरलेली तपकिरी पँट.

शांभवी आठ वर्षांची, म्हणजे मुकादम.
"पप्पा, इथं दाब. पप्पा, पोट कमी पडलं."
प्रणील साडेचारचा. तो गवत आणतो
एका वेळी एक काडी.
मी सांगत नाही, मूठभर आण म्हणून.
एका काडीला एक फेरी,
आणि दर फेरीला तो माझा खांदा धरून
जरा दम खातो.

रात्रीचे दहा वाजतात.
एरवी या वेळी मी यंत्राच्या तोंडाशी उभा,
गोळ्यांच्या पट्ट्या मोजत.
आज मोजायला कुणी सांगितलेलं नाही.

पहाटे चारला त्याला अंगणात उभा केला.
शांभवीच्या केसांत मोरपीस, हातात पुठ्ठ्याचं चक्र,
स्वेटर घाल म्हटलं तर
"कृष्ण स्वेटर घालत नाही."
मी आगपेटी काढली
आणि प्रणील धावत जाऊन
असुराच्या पायांना बिलगला.
"जाळू नको. हे पप्पाचे पाय."

आम्ही हसलो. तो नाही हसला.
रात्री कधी तहानेनं जाग येते त्याला,
तेव्हा पलंगाशी उभे असतात ते हेच पाय,
वर सगळा अंधार.
मला वाटायचं, तो झोपलेला असतो.

शेवटी कृष्णानंच तोडगा काढला:
"मग पँट काढून घेऊ."
तर शिरोड्यात त्या पहाटे
एक नरकासुर उघड्या पायांनी जळला,
काय लाज वाटली असेल बिचाऱ्याला.
गवत तडतडलं, मुखवट्याची जीभ आधी गेली,
ठिणग्या माडाच्या झावळ्यांपर्यंत चढल्या,
आणि प्रणील पँट पोटाशी धरून
खुशाल टाळ्या वाजवायला लागला,
म्हणजे वाजवता येईनात, हात भरलेले,
नुसताच नाचला.

मग तेल, उटणं, कढत पाणी,
"डोळ्यांत गेलं, डोळ्यांत गेलं."
तुळशीपुढं कारीट.
त्याच्या अंगठ्यानं ते फुटेना, नुसतं घरंगळे;
त्याच्या अंगठ्यावर मी माझा ठेवला.
कडू बी जिभेला लावून त्यानं केलेलं तोंड
मी अजून आठवतो आहे.
आणि पोहे: रसातले, ताकातले, दुधातले,
गुळाचे, तिखटाचे.
मुलांची आई वाढत गेली, आम्ही खात गेलो,
आठ वाजले तरी कुणी उठेना.
कुणाचाच मोजा हरवला नव्हता.

सोमवारी तीच पँट घालून कामावर गेलो.
कपडे बदलायच्या खोलीत घडीतून
एक काडी खाली पडली.
तिथं धुळीचा कणसुद्धा चालत नाही.
सुपरवायझरनं विचारलं, हे काय?
म्हटलं, गवत.
आणि उचलून, पाकिटात
दोघांच्या फोटोमागं सरकवली.