सज्ज्याचं वजन

सातवा संपायला अकरा दिवस.
रावपुऱ्यातल्या ऑफिसात, दुसऱ्या मजल्यावर,
मी लोकांच्या घरांचे सज्जे काढते.
किती बाहेर, किती जाड,
सळई वरच्या अंगाला, खालच्या नव्हे.
नवखा हमखास खाली काढतो.
सही साहेबांची. चूक माझी.

आता मीच एक सज्जा झालेय.
भार पुढे, ताण मागे.
कमरेच्या डाव्या खळीत, रुपयाएवढ्या जागेत,
आणि रात्री कूस बदलताना
बिजागरी कुणी उलटी वळवावी तसं.

उपाय मात्र माझ्याआधी घरी पोचले होते.

सासूबाई म्हणाल्या, रेवाबेनला निरोप धाडलाय,
खारीवावातल्या अर्ध्या बायका तिच्या हाताखालून गेल्यात.
मामंजी पेपरामागून म्हणाले,
आमच्या तालमीतला वस्ताद एका झटक्यात...
सासूबाईंनी नुसतं पाहिलं,
झटका पेपरातच राहिला.
हेरंबनं पट्टा मागवला, तीन बकलांचा.
तो आवळताना वाटलं, आता गाडीला जुंपायचंच काय ते बाकी.
बहीण फोनवर: पोहायला जा.
ऑफिसातले पटेलकाका: माझ्या धाकट्या सुनेनं
सुया टोचून घेतल्या, लगेच फरक.
आणि थोरलीनं?
थोरलीला काही दुखतं का, ते
कुणी विचारलंच नव्हतं.

शेवटी माझ्या डॉक्टरणीनं चिठ्ठी दिली, अलकापुरीतली.
जिना अठरा पायऱ्यांचा. मोजल्या, सवय.
किन्नरीबेन, फिजिओ, वयानं माझ्याहून लहान,
तिनं हात लावायच्या आधी
एक छापील कागद पुढे सरकवला.
पाठमोरी बाई, नुसती बाह्यरेषा.
“बतावो बेन, क्यां दुखे छे?”

नऊ वर्षं मी रेघा ओढते,
परक्यांच्या भिंती मिलिमीटरमध्ये उभ्या करते,
आणि पेन्सिल हवेतच थांबली.
एक गोल काढला. खोडला.
बोटभर खाली काढला.
मांडीकडे जाणारा बाण.
मग हाताच्या सवयीनं कोपऱ्यात लिहिलं:
प्रमाणात नाही.

ती हसली नाही. विचारत राहिली.
उभं राहून जास्त की बसून?
झोपेतून उठवतं का?
खुर्ची कशी आहे, स्टूल कसलं?
मला उत्तरं येत नव्हती सगळी.
दोन महिने दुखतंय
आणि मीही मला विचारलं नव्हतं.

मग म्हणाली, साफ जाणार नाही, खोटं कशाला सांगू.
कमी करू.
गुडघ्यांमध्ये उशी, भिंतीला पाठ, सावकाश श्वास,
उभ्यानं काम असेल तेव्हा एक पाय पाटावर.
पट्टा लांब चालायचं असेल तेव्हाच.
आणि झटका कुणालाच देऊ द्यायचा नाही.

एवढंसं. बकलं नाहीत, सुया नाहीत.
रिक्षा सुरसागरला वळसा घालून आली,
मी डाव्या हातानं दांडी धरून
गतिरोधक आधीच ओळखत होते.

घरी रेवाबेन बसलेली, बाटली कोमट करून.
तिला तसंच कसं धाडायचं?
म्हटलं, कंबर नको, पोटऱ्या चोळून द्या, हलक्या हातानं.
ती जरा रुसली. चहा घेतल्यावर बसली.

रात्री कागद टेबलावर होता.
सासूबाईंनी चष्मा लावून पाहिला, दूर धरून, जवळ धरून.
हे तू काढलंस?
गोल, हो.
बराच वेळ काही नाही.
मग म्हणाल्या, हेरंबच्या वेळी मला इथे,
आणि बोट टेकवलं,
तेलाची बाटली नुकतीच बंद केलेलं.

कागद तिथे पारदर्शक झाला,
ट्रेसिंगसारखा.
माझ्या गोलापासून अंगठाभर उजवीकडे,
चौतीस वर्षं जुना.

कुणी विचारलं होतं का, म्हटलं.
त्या दिवा मालवत होत्या.

सकाळी आठवणीनं पाट न्यायचाय ऑफिसात.
देवघरातला नको, दुसरा, एका पायानं डुगडुगणारा.
खाली पुठ्ठ्याची घडी घालीन.