पिवळ्या बोयाच्या अलीकडे

पहाटे साडेपाच. उम्म अल क्वैनच्या धक्क्यावर
मी अकरा जाकिटं मोजून ठेवतो.
नारिंगी. त्यांतली तीन लहान मुलांची,
एकाची शिट्टी हरवलेली.
माझ्या शर्टावरच्या पट्टीत इद्रूसचं इद्रिस झालंय.
दुरुस्तीला द्यायचं तर आठ दिवस शर्ट नाही,
म्हणून सहा वर्षं इद्रिस.

पाहुणे येतात, डोळ्यांत झोप, गळ्यात दुर्बिणी.
"पक्षी नक्की दिसतील ना?"
भेंडी कोवळी आहे ना, असं विचारावं तसं विचारतात.
प्रियंथा हसतो. तो गॉलचा.
पक्ष्यांची नावं त्याच्याकडे, पाणी माझ्याकडे,
अशी आमची वाटणी.

खाडीत इंजिन अर्ध्यावर.
दोन्ही अंगांना तिवरं,
बुरोंडीच्या खाजणात आहेत तीच,
फक्त इथल्यांना पाऊस नीटसा ठाऊक नाही.
पानावर मीठ साचतं. चाखा, म्हणतो मी.
एक म्हातारी खरंच चाखते
आणि उरलेलं पान नवऱ्याच्या तोंडाशी धरते.
उथळात रोहित उभे,
तांदूळ निवडणाऱ्या बायकांसारखे, मान वर न करता.
एक कासव श्वासापुरतं वर येतं
तेव्हा सगळे कॅमेरे दुसरीकडे.

मग खाडीचं तोंड, आणि बाहेर
पाण्याला लागून सरकणारी शाईची ओळ.
सोकोत्रा पाणकावळे, प्रियंथा म्हणतो,
आणि मोजू लागतो सिंहलीत, ओठांतल्या ओठांत,
दर शेकड्याला एक बोट दुमडत.
बोटं संपतात.
ओळ संपत नाही.

बेटाआधी बेटाचा वास येतो.
पाहुणे नाकाला रुमाल लावतात.
मला त्यात सुकत घातलेल्या मासळीची ओटी दिसते,
मी काही लावत नाही.
पिवळ्या बोयाच्या अलीकडे इंजिन बंद करतो.

"जरा पुढे घ्या की," लांब भिंगवाला म्हणतो.
तळहातात पन्नासची नोट, चौघडी.

चार वर्षांपूर्वी अशीच घेतली होती एक.
प्रियंथा तापाने खोलीवर. मी एकटा.
म्हटलं, वीस-पंचवीस वाव, त्यात काय.
अख्खं बेट उठलं.
पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.
खाली वाळूत उघडी अंडी, फिकट निळसर,
आणि कुरव,
जणू माझीच वाट बघत बसलेले कुरव.
एवढ्या लांबून टोचीचा आवाज येत नाही.
मला आला.
नंतर पाणकावळे उतरले, आपापली जागा शोधली,
आणि जे नव्हतं त्याच्यावर बसले.

ती नोट घरी पाठवली नाही.
भरती-ओहोटीच्या तक्त्यात आहे, ऑक्टोबरच्या पानात.
खैरूनला फोनवर सांगितलं, तेही सहा महिन्यांनी.
ती जरा थांबून म्हणाली,
"कुरवांनाही पोरं असतीलच की."
तिचं हे असं.
यावर काय बोलायचं मला अजून सुचलेलं नाही.

"पुढे नाही जात," मी भिंगवाल्याला म्हणतो.
तो नोट खिशात घालतो, तोंड फिरवतो.
बोट नुसती डुलते.
बेटावरून हजार गळ्यांची खरखर,
दूर कुठेतरी एक टँकर, हलतोय की नाही कळत नाही असा.
बिनशिट्टीच्या जाकिटातला पोरगा
तोंडानेच शीळ घालून बघतो, हळू.
बोयावर बसलेला एक पाणकावळा
मान वळवतो,
पंख सुकवायला तसेच उघडे ठेवून.
म्हातारी नवऱ्याचा दंड धरते.

दुपारी ऑफिसातून निरोप:
आजच्या एका पाहुण्याने लिहिलंय, जवळ नेलं नाही.
दोन तारे.
प्रियंथा वहीत आकडा लिहितो, खोडतो, पुन्हा लिहितो.
मी गोड्या पाण्याने जाकिटं धुतो.
दहा.
पुन्हा मोजतो.
अकरावं पोरगा घालूनच गेला बहुतेक.