काळी पाच

विल्फ हेगचे वरचे चार दात
गुरुवारी काढणार होते.
मंगळवारी तो शेजारच्या दारातून आला,
टेनर हॉर्न टॉवेलात गुंडाळलेला,
म्हणाला, एक सूर ठेवून घे तुझ्या यंत्रात.
एकच.
दात गेले की ओठाला टेकू उरत नाही,
मग हा नुसता पितळेचा नळ.

आमच्या गावाचं नाव लिहितात एक, म्हणतात दुसरं.
पाकिटावर स्लेथवेट, तोंडात स्लॉविट.
मधली अक्षरं कुठे घसरतात
ते इथं जन्मलेल्यांनाही सांगता येत नाही.

खोलीचा घुमारा नको म्हणून
त्याला कोटांच्या कपाटापुढे बसवला.
माझा हिवाळी कोट, दोन रेनकोट,
एक पैठणीची पिशवी,
त्यांच्यात तोंड खुपसून
एकही वाल्व न दाबता तो वाजला.
त्याच्या लेखी तो जी.
सॉफ्टवेअरच्या लेखी बी फ्लॅट.
मी म्हटलं, काळी पाच.
नऊ सेकंद.
शेवटी श्वास, खुर्चीची करकर,
आणि "सॉरी, लव्ह."
ते मी कापलं नाही.

रात्री तो एक सूर
एकसष्ट किल्ल्यांवर अंथरला.
वर नेला की विल्फ घाईत,
शाळेला उशीर झालेल्या पोरासारखा.
खाली नेला की श्वास लांबतो,
खुर्ची कोठाराचं दार होते,
आणि सॉरी म्हणणारा माणूस
इतका सावकाश सॉरी म्हणतो
की आपणच माफी मागावी.

इचलकरंजीत मी पेटी शिकले, उपळेकर बाईंकडे.
पेटीत मींड नसते.
दोन पट्ट्यांमध्ये भिंत, आणि भिंतीला खिडकी नाही.
बाई म्हणायच्या, मींड गळ्यात घे,
बोटं आपली पायी येतील मागून.
बोटं आलीच नाहीत कधी.

इथं ग्लाइड नावाचं एक बटण आहे.
चाळीस मिलिसेकंद: घसरणं नव्हे, अडखळणं.
नऊशे: वळणावरून गेलेली ॲम्ब्युलन्स.
दोनशे दहावर गंधाराकडून पंचमाकडे
कुणीतरी ओल्या पायांनी चालत गेलं,
असं वाटायला हवं होतं.
वाटेना.
तासभर सूर तुटतच राहिला,
प्रत्येक किल्लीवर विल्फ नव्यानं श्वास घ्यायचा,
जणू आधीचं काही वाजलंच नव्हतं.

मग कळलं. पहिली किल्ली सुटायच्या आत
दुसरी दाबावी लागते.
क्षणभर दोन्ही धरायच्या.
ही एवढीच अट.
पण माझ्या हाताला लहानपणापासून सवय,
उचल, मग ठेव.
दीड वाजता कुठे जमलं,
तेव्हा कालव्याकडच्या बदकांना उठवेल इतक्या मोठ्यानं
मी हसले, आणि भिंतीपलीकडे
कुणीतरी कूस बदलली.

डाव्या हाताशी चाक असतं.
पुढे ढकललं की सूर चढतो,
सोडलं की स्प्रिंग त्याला मधोमध आणते.
कारखान्यातून येताना त्याची मजल दोन अर्धस्वर.
मी बारा केली.

शनिवारी विल्फ आला,
गालाला गोठलेल्या मटारांची पिशवी लावून.
मी मींड ऐकवली.
तो बराच वेळ गप्प. मग सुजल्या ओठांनी म्हणाला,
मला हे कधी जमलं नाही.
अर्धा वाल्व दाबून बघितलं होतं एकदा,
बँडमास्तर म्हणाला, शेळी बाहेर काढा.

मग त्यानं स्वतःच एक जाड बोट किल्लीवर ठेवलं,
दुसऱ्या हातानं चाक पार वर ढकललं,
आणि सोडलं नाही.
मटारांची पिशवी मांडीवर पाझरत होती.
नऊ सेकंदांचा सूर साडेचारांत संपला.
श्वास. करकर.
आणि सप्तकभर वरून
एक पोरगा म्हणाला, "सॉरी, लव्ह."

विल्फनं चाक तसंच धरून ठेवलं.
"हा कोण?" म्हणाला.