आठ सेकंद उशिरा

दोन्या एदेल्मिरा म्हणाली, त्याचा आवाज
कुणीतरी कात्रीनं कापून पाठवतंय.
"एलि... खाडी... तोंडा... पोच..."
आणि गप्प. मग उगाच एक "सेओ",
नावाचं शेपूट तेवढं किनाऱ्याला लागावं तसं.

टेकडीवर बटाट्यांच्या कोठारावर अँटेना,
खाली डोंगल, डोंगलखाली संगणक,
सबंध एकाच पाटीवर मांडलेला,
सिगारेटच्या पाकिटाएवढा.
मीच बसवला होता मार्चमध्ये.
छाती फुगवून म्हणालोही होतो,
चिलोएचा सगळा समुद्र आता तुमच्या स्वयंपाकघरात.
आता तोच मी, दातांत टॉर्च धरून शिडीवर.

आधी वायफायला दोष दिला.
दोष द्यायला त्याच्याइतकं सोयीचं कुणी नाही.
कोठारापासून चुलीपर्यंत निळी वायर ओढली,
खुराड्यावरून, मेंढ्यांच्या कुंपणातून.
आवाज तसाच, उचक्या देणारा.

मग हाव कमी केली.
सेकंदाला चोवीस लाख नमुने गोळा करत होतो मी,
एका म्हाताऱ्याचं "पाव गरम ठेव" ऐकायला.
ते अडीच लाखांवर आणले.
आवाज जरा सावरला,
दोन पायऱ्या नीट, तिसरीला धाप.
लॉगमध्ये एकच ओळ, पुन्हा पुन्हा:
नमुने गळाले. नमुने गळाले.
भोक कुठं आहे, ते मात्र लिहीत नाही.

शेवटी बफर वाढवला. आठ सेकंद.
आणि एलिसेओ अखंड झाला!
खोकल्यासकट, इंजिनाच्या घरघरीसकट,
मागे पोरगा नाझारिओ शीळ घालतोय त्याच्यासकट.
दोन्या एदेल्मिरानं मातेचा पेला खाली ठेवला.
मी पक्कड खिशात घातली.

तेवढ्यात खिडकीत
'ला पोर्फियादा'चा हिरवा दिवा
भूशिराला वळसा घालून पुढं आला,
आणि रेडिओतला एलिसेओ म्हणाला,
"अजून वळलो नाही गं. लाट फार आहे."

ती ऐकते, हे त्याला ठाऊक असतं.
उत्तर द्यायला तिच्याकडे यंत्र नाही.
ती दिव्याकडे बघत राहिली, मग माझ्याकडे.
"हा कुठला एलिसेओ?"
तोच, म्हटलं. आठ सेकंदांपूर्वीचा.
"आणि आत्ताचा?"

बफर समजावणं सोपं आहे.
येणारं पाणी आधी हंड्यात साठवायचं,
मग तोटी सोडायची, म्हणजे धार तुटत नाही.
तिला कळलं.
म्हणाली, माझ्या बापानं एकदा
धक्क्यावरून दोर फेकला होता,
हाक ऐकली त्याच श्वासात.
पुढच्या श्वासाला तिथं कुणी नव्हतं, नुसतं पाणी.
"मला तुटका चालेल, पोरा.
पण आत्ताचा दे."

पुन्हा शिडी.
या वेळी काही न करता नुसता बघत बसलो, पोत्यावर.
खाली शिंपल्यांचा फ्रीझर घुरघुरत सुरू झाला,
आणि पाटीवरचा लाल दिवा
पापणी लवावी तसा विझला, पुन्हा लागला.
पुन्हा विझला.
उपाशी होतं बिचारं.
फोनच्या चार्जरची ती बारीक, तीन मीटर लांब केबल,
विजेचा निम्मा घास वाटेतच खाणारी,
कुणी लावली होती?
मीच. मार्चमध्ये. दोन हजार पेसो वाचवायला.

जाड, हातभर केबल लावली,
फ्रीझरपासून वेगळा प्लग.
बफर पाव सेकंदावर.
खाली आलो तेव्हा एलिसेओ धक्क्याला लागत होता.
फ्रीझर सुरू होताना एक बारीकसा टचका येतो अजून,
तो मी तिला सांगितला नाही, तिनं विचारला नाही.
"बांधला दोर," तो म्हणाला,
आणि खिडकीत दिवा
त्याच शब्दावर विझला.

तिनं पाव चुलीवर सरकवला.
मला किलो-दोन किलो जांभळे बटाटे दिले,
आणि केबलचे पैसे, मोजून.
जुनी केबल मी खिशात घातली.
कुणाच्या तरी फोनला चालेल.